विकेंद्रीकरण आणि बदलती राज्यसंस्था : मरोद्यातून पाहताना



मरोद्याच्या जलाशयात साठणारे पाणी मरोद्याचे नाही. तांदुळा, गोंदली, खरखरा आणि धमतरीजवळचे गंगरेल या धरणांत अडवलेले पाणी कालव्यांतून कोसच्या कोस वाहत येथे येते आणि येथून भिलाईच्या पोलाद कारखान्याला पुरवले जाते. या पाण्याचा धनी कोण, असे विचारले तर उत्तर एका शब्दात देता येणार नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार पाणी हा राज्यांचा विषय. म्हणून धरणे आणि कालवे राज्याच्या ताब्यात. पाणी वापरणारा कारखाना केंद्र सरकारची बहुसंख्य मालकी असलेल्या कंपनीचा. आसपासच्या वस्त्यांतील रस्ते, दिवे आणि गटारे रिसाली नगर निगमाकडे. महाराष्ट्रात जिला महानगरपालिका म्हणतात, तीच ही संस्था. सेक्टरातील कंपनीच्या घरांची देखरेख मात्र कारखान्याच्या नगर सेवा विभागाकडे. त्यातच गंगरेल हे महानदीवरचे धरण, आणि त्या नदीच्या पाण्यावरून ओडिशा व छत्तीसगड यांच्यात चाललेला वाद २०१८ पासून केंद्राने नेमलेल्या लवादापुढे आहे. म्हणजे एका तलावाच्या काठी उभे राहिले की दिल्ली, रायपूर, भुवनेश्वर, रिसाली आणि कारखान्याचे प्रशासन भवन अशा पाच दिशांना पाहावे लागते.

संघराज्य या शब्दाचा अर्थ पुस्तकात शोधण्यापूर्वी तो अशा ठिकाणी शोधावा. मरोद्याच्या रहिवाशाला ‘सरकार’ नावाची एकच वस्तू कधी भेटत नाही. त्याला निरनिराळ्या खिडक्या भेटतात, आणि कोणत्या कामासाठी कोणती खिडकी हे समजून घेण्यातच त्याचे अर्धे आयुष्य जाते.

विकेंद्रीकरण हा शब्द सभासंमेलनांत इतका वापरला जातो की त्याच्या पोटातील दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. वरच्या सत्तेने आपली कचेरी लोकांच्या जवळ आणून ठेवणे ही एक गोष्ट. लोकांनी निवडलेल्या मंडळाच्या हाती निर्णय आणि पैसा देणे ही दुसरी. पहिल्या प्रकारात सत्तेचा हात लांब होतो, दुसऱ्या प्रकारात त्या हाताची पकड सैल होते. या प्रदेशाचा इतिहास पाहिला तर पहिला प्रकार पुनःपुन्हा घडलेला दिसतो. दुसरा क्वचितच घडला, आणि जेथे घडला तेथे खालच्यांनी तो नेटाने मागितला म्हणूनच घडला.

छत्तीसगड या नावातच एक जुनी वाटणी दडलेली आहे. रतनपूर आणि रायपूर येथील कलचुरी राजांच्या काळी शिवनाथ नदीच्या उत्तरेस अठरा आणि दक्षिणेस अठरा असे गड मोजले जात. दुर्ग आणि पाटण हे दक्षिणेकडील गडांपैकी. परंपरेनुसार एका गडात चौऱ्याऐंशी गावे, बारा गावांच्या गटावर दाऊ आणि गावावर गौंटिया. बराचसा कारभार तेथल्या तेथे चाले. ही लोकशाही नव्हे. गौंटियाला कोणी निवडून दिलेले नव्हते. परंतु निर्णय घेणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता, एवढे खरे.

पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून राज्य करीत होते. १७८७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि कारभार नागपूरहून नेमलेल्या सुभेदारांकडे गेला. त्यांपैकी विठ्ठलराव दिनकर या सुभेदाराने गडांची जुनी रचना मोडून सत्तावीस परगणे केले आणि त्यांवर कमाविसदार व फडणीस नेमले. हिशेब चोख झाला, वसुली सुधारली आणि गडांची स्वायत्तता संपली. भिलाई-दुर्गच्या मराठी समाजाने बिंबाजींचे नाव अभिमानाने घ्यावे. मात्र या भूमीवर कारभाराची सूत्रे दूरच्या राजधानीत नेणाऱ्यांत मराठी फडही होता, हेही ध्यानात ठेवावे. जो समाज आज येथे अल्पसंख्य म्हणून स्थानिक अधिकार मागतो, त्याला हा धडा उपयोगी पडेल.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. दुर्ग जिल्हा १९०६ चा. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८३ मध्ये मध्य प्रांतासाठी स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला, पण मंडळे दुबळी आणि जिल्हाधिकारी प्रबळ असा एकूण प्रकार राहिला. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, मध्य प्रांत व वऱ्हाडाने एक धाडसी प्रयोग केला. जिल्हा मंडळे मोडून तहसील हा स्थानिक कारभाराचा पाया मानला आणि ‘जनपद सभा’ स्थापन केल्या. द्वारकाप्रसाद मिश्र हे या योजनेचे प्रणेते. योजना अपेक्षेइतकी फळली नाही. सभांकडे कामे आली, उत्पन्न आले नाही. विदर्भात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि जनपद हा शब्द तेथे विस्मरणात गेला. छत्तीसगडात तो जिवंत राहिला. नागपूरकडचा पाहुणा ज्या संस्थेला पंचायत समिती म्हणतो, तिला दुर्गचा माणूस आजही जनपद पंचायत म्हणतो. दोघांचा पणजा मात्र एकाच प्रांताचा रहिवासी होता.

त्याच प्रांताच्या विभाजनाने भिलाईच्या मराठी माणसाचे स्थान ठरवले. जुन्या मध्य प्रदेशाच्या कारभारात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना मान्यता होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिले. दुर्ग-रायपूर भागात पिढ्यान् पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे घर न बदलता एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य झाली. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. नागपूर दुर्गहून रेल्वेने सुमारे अडीचशे किलोमीटरवर. भोपाळ त्याच्या दुपटीहून दूर.

नेमक्या याच काळात भिलाई उभी राहत होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने पोलाद हे क्षेत्र सरकारकडे राखले होते. त्या दिवसांतील राज्यसंस्था ही उभारणी करणारी संस्था होती. तिने कारखाना बांधला. त्याबरोबर घरे, इस्पितळ, शाळा, बाजार आणि बागाही बांधल्या. नागपूर, वर्धा, भंडारा, अमरावती येथून आलेला तरुण सेक्टरात राहू लागला, तेव्हा त्याचा मालक, घरमालक, नगरपिता आणि मुलांच्या शाळेचा चालक एकच होता. तक्रार कारखान्याच्या कचेरीत करायची, मतदान मात्र नगरसेवकासाठी करायचे नाही, कारण नगरसेवक नव्हताच. या व्यवस्थेला आज नावे ठेवणे सोपे आहे. पाणी वेळेवर येत असे, रस्ते झाडले जात आणि दिवे लागत, याची आठवण जुन्या रहिवाशांना आहे आणि ती खोटी नाही. तरीही ती सेवा होती, हक्क नव्हे. सेवा देणारा बदलला की ती बदलते. सेलने पुढे नगरातील काही घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिली, नोकरभरती आटली, कारखान्याच्या शाळा कमी झाल्या, तेव्हा हा फरक लोकांच्या ध्यानी आला.

दिल्लीच्या त्या काळच्या सत्तेची एक दुसरी बाजू भिलाईला फार महाग पडली. पोलादाच्या वाहतूक खर्चाच्या समानीकरणाचे धोरण १९५६ पासून सुमारे साडेतीन दशके चालले. भिलाईत तयार झालेले पोलाद भिलाईत ज्या दराने मिळे, साधारण त्याच दराने ते मुंबईत किंवा लुधियानात मिळे, कारण वाहतुकीचा भार सर्व ग्राहकांवर सारखा वाटला जाई. हेतू समतेचा होता. परिणाम असा झाला की खाण आणि भट्टी जवळ असण्याचा नैसर्गिक लाभ या प्रदेशाच्या हातून गेला. यंत्रे, अवजारे आणि सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांना दुर्गजवळ येण्याचे विशेष कारण उरले नाही. बिहार, ओडिशा आणि छत्तीसगड यांचा तो तोटा, आणि लाभधारकांत महाराष्ट्राचे औद्योगिक पट्टे होते हे मराठी वाचकाने मोकळेपणाने मान्य करावे. एकाच देशासाठी घेतलेला एक निर्णय एका प्रदेशाला झुकते माप देतो आणि दुसऱ्याचे काढून घेतो. विकेंद्रीकरणाच्या मागणीचे मूळ अनेकदा अशाच एखाद्या दरपत्रकात सापडते, भाषणांत नव्हे.

१९९१ नंतर चित्र पालटले. पोलादाचा परवाना सुटला, किंमतनियंत्रण गेले, समानीकरणही संपले. केंद्र सरकारने उभारणीकर्त्याची भूमिका हळूहळू सोडली आणि नियम ठरवणाऱ्याची व निधी वाटणाऱ्याची घेतली. १९५० मध्ये स्थापन झालेला योजना आयोग २०१५ च्या आरंभी नीती आयोगाला जागा देऊन गेला. त्याच सुमारास वित्त आयोगाच्या शिफारशीने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ४२ टक्के झाला आणि पुढे जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर ४१ टक्के. राज्यांच्या या वाट्यातील प्रत्येक शंभर रुपयांत छत्तीसगडला चौदाव्या आयोगाने ३ रुपये ८ पैसे दिले होते, पंधराव्याने सुमारे ३ रुपये ४१ पैसे दिले. दुसऱ्या बाजूने १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. त्याच्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत. म्हणजे केंद्राशिवाय काही होत नाही आणि राज्यांशिवायही होत नाही. कर माल खपतो त्या राज्याला मिळतो. पोलाद, सिमेंट आणि कोळसा बाहेर पाठवणाऱ्या राज्याला हे सुखाचे नाही.

राज्यांचे नकाशेही छोटे झाले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, तेव्हा त्यात सोळा जिल्हे होते; आज तेहतीस आहेत. २०१२ च्या आरंभी दुर्गमधून बालोद आणि बेमेतरा हे जिल्हे निघाले. राजधानी जवळ आली, जिल्हा कचेरी जवळ आली. हा पहिल्या प्रकारचा लाभ. तो खराच आहे, आजारी माणसाला दाखला आणायला दोन बस कमी बदलाव्या लागतात. पण या वाटणीने खाण आणि भट्टी निराळ्या जिल्ह्यांत गेल्या. दल्ली-राजहराच्या खाणी बालोदमध्ये, कारखाना दुर्गमध्ये, आणि दोघांना जोडणारा लोहमार्ग मरोदा स्थानकावरून जातो. त्या डब्यांतील खनिजाचा पैसा कोणाचा, हा प्रश्न गेली तीन दशके देशाच्या न्यायालयांत फिरत होता. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने निर्णय दिला की खनिजावरील स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिज-हक्कांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे. संसद त्यावर मर्यादा घालू शकते. पुढच्या महिन्यात १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी बारा वर्षांच्या हप्त्यांत वसूल करण्यास राज्यांना मुभा मिळाली. या खटल्याच्या नावात एका बाजूला झारखंडातील एक खनिज क्षेत्र प्राधिकरण आहे आणि दुसऱ्या बाजूला सेल, म्हणजे भिलाई कारखान्याची मालक कंपनी. मरोद्यातील निवृत्त कामगार या निकालाकडे कोणत्या डोळ्याने पाहील? छत्तीसगडचा नागरिक म्हणून राज्याची तिजोरी भरावी असे त्याला वाटेल, आणि कारखान्यात मुलगा असेल तर उत्पादनखर्च वाढू नये असेही वाटेल. संघराज्यातील तंटे दूरच्या दोन सरकारांत चालतात असे मानण्याची सवय आहे. येथे तंट्याचे दोन्ही पक्ष एकाच माणसाच्या मनात राहतात.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची हकिकत याहून बोलकी आहे. २०१५ च्या दुरुस्तीने खाणींच्या जिल्ह्यांत असे न्यास आले आणि जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या तीस टक्के इतकी जादा रक्कम त्यांत जमा होऊ लागली. पैसा जिल्ह्यातच राहावा, ज्यांच्या गावांत धूळ उडते त्यांच्या दवाखान्या-शाळांवर तो खर्च व्हावा, हा हेतू उत्तम. परंतु न्यासाचा अध्यक्ष कोण? छत्तीसगडने २०१९ मध्ये जिल्हाधिकाऱ्याऐवजी प्रभारी मंत्र्याला अध्यक्ष केले. २०२१ मध्ये केंद्राने जिल्हाधिकारीच अध्यक्ष राहील असे बजावले. दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती. मात्र त्या खुर्चीवर जिल्हा पंचायतीचा निवडून आलेला अध्यक्ष बसावा, अशी कल्पना या ओढाताणीत कुठे दिसली नाही. जिल्ह्याच्या नावाचा न्यास, जिल्ह्याचा पैसा, आणि भांडण रायपूर व दिल्ली यांचे!

त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचा उल्लेख आता करावा लागेल. पहिली २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, दुसरी त्याच वर्षी १ जून रोजी. पंचायतींसाठी २९ आणि नगरपालिकांसाठी १८ विषयांची यादी संविधानात आली. दर पाच वर्षांनी निवडणूक, स्त्रियांसाठी निदान एक तृतीयांश जागा, राज्य वित्त आयोग हे सारे बंधनकारक झाले. त्या वेळच्या मध्य प्रदेशाने १९९४ मध्ये, इतर बहुतेक राज्यांच्या आधी, पंचायतींच्या निवडणुका घेतल्या. भिलाईत तोवर ‘साडा’ म्हणजे विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण होते. १९९८ मध्ये नगर निगम झाले. येथे चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीतील एक कमी चर्चिलेली तरतूद ध्यानात घ्यावी. अनुच्छेद २४३-थ च्या परंतुकाप्रमाणे, एखादा उद्योग स्वतः नागरी सेवा देत असेल तर राज्यपाल ते क्षेत्र ‘औद्योगिक नगरी’ म्हणून जाहीर करू शकतात आणि तेथे नगरपालिका स्थापावी लागत नाही. जमशेदपूरला निवडून आलेली नगरपालिका दीर्घकाळ मिळाली नाही, तेथील वाद याच परंतुकाभोवती फिरत राहिला. भिलाईने दुसरी वाट घेतली. कारखान्याचे नगर निगमाच्या हद्दीत आले, सेक्टरांतही प्रभाग आखले गेले आणि कारखान्याच्या घरात राहणारा कामगार नगरसेवक निवडू लागला. २०१९ च्या अखेरीस भिलाईतून रिसाली निगम वेगळे झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या चाळीस प्रभागांची पहिली निवडणूक झाली.

ही प्रगती आहेच. पण सेक्टरातील नगरसेवकाची अवस्था काहीशी विचित्र आहे. मत त्याला मिळते. जमीन, घर आणि नळाची वाहिनी कंपनीची असते. नागरिक त्याच्याकडे छपराच्या गळतीची तक्रार घेऊन जातो आणि तो कंपनीच्या विभागाला पत्र लिहितो. निगमाचे बरेचसे उत्पन्न राज्याच्या अनुदानावर अवलंबून. अठरा विषयांची यादी भिंतीवर लावता येते, त्यासाठी लागणारा पैसा यादीबरोबर येत नाही.

शाळेच्या या अंकात विकेंद्रीकरणाचा सर्वांत कडू धडा शिक्षणातून घेणे योग्य ठरेल. १९९७ मध्ये मध्य प्रदेशाने शिक्षण हमी योजना सुरू केली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीने चाळीस मुलांची, आदिवासी भागात पंचवीस मुलांची, यादी देऊन मागणी केली की नव्वद दिवसांत शासनाने शिक्षक देण्याची हमी. मागणीचा अधिकार वस्तीला आणि उत्तराची मुदत सरकारला, ही रचना आजही आदर्श वाटावी अशी आहे. त्याच काळात शिक्षकांच्या नेमणुका पंचायती आणि नगरसंस्थांकडे गेल्या आणि ‘शिक्षाकर्मी’ हा वर्ग जन्माला आला. शेजारच्या वर्गातील नियमित शिक्षकापेक्षा फार कमी मानधनावर, तेच काम, तीच मुले. कागदावर ते विकेंद्रीकरण होते. प्रत्यक्षात राज्याने वेतनाचा भार हलका करण्यासाठी स्थानिक संस्थेचे नाव वापरले. या शिक्षकांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली आणि त्यांची मागणी काय होती? पंचायतीकडून काढून राज्याच्या शालेय शिक्षण विभागात सामावून घ्या. १ जुलै २०१८ पासून आठ वर्षे सेवा झालेल्यांचे ‘संविलियन’ सुरू झाले. सत्ता खाली आणा अशी घोषणा सर्वत्र होत असताना, येथे गुरुजनांनीच ती वर परत न्या असे म्हटले आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. पैशाविना खाली आलेली सत्ता खालच्यांनाच नकोशी होते.

याच्या उलट उदाहरण शेजारीच आहे. छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत अनेक वर्षे जपली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी वनखात्याकडेच जावे लागे. गाव अडून राहिले आणि २०११ मध्ये परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्या परवानापुस्तकाने जे साधले ते पुष्कळ परिपत्रकांनी साधले नव्हते. ग्रामसभेला स्वतःचे उत्पन्न मिळाले. रिसालीचे चाळीस नगरसेवक आणि मेंढ्यातील काही डझन घरे यांत कोण अधिक स्वायत्त, हा प्रश्न गमतीचा वाटला तरी गंभीर आहे.

आता मराठी शाळेचा प्रश्न. शिक्षण हा विषय मुळात राज्यांचा. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. त्यामुळे मराठी माध्यमाच्या शाळेचे नियम आज दिल्लीहूनही येतात आणि रायपूरहूनही. पाठ्यपुस्तके मराठीत छापणारी बालभारती पुण्यात, पण तिचा अभ्यासक्रम महाराष्ट्राचा. छत्तीसगडचा अभ्यासक्रम रायपुरात ठरतो आणि तेथील पुस्तके प्रामुख्याने हिंदीत. दोन राज्यांच्या मधल्या या अरुंद पट्टीवर शिक्षकाला चालावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात ठरवले की भाषिक अल्पसंख्यत्व राज्य हा घटक धरून मोजायचे. म्हणजे मराठी माणूस नागपुरात बहुसंख्य, डोंगरगडला उतरला की अल्पसंख्य. त्या रेल्वे तिकिटाबरोबर त्याला अनुच्छेद ३० चा हक्क मिळतो, आपल्या पसंतीची शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा.

याहून महत्त्वाचा अनुच्छेद ३५०-क. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने तो आला. ज्या दिवशी दुर्गची मराठी कुटुंबे अल्पसंख्य झाली, त्याच दिवशी हा दिलासा त्यांच्या हाती पडला. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि राज्यातील प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने करावा, असा त्याचा आशय. ‘प्रयत्न’ हा शब्द सौम्य आहे, पण ‘प्रत्येक स्थानिक प्राधिकरण’ हे शब्द फार मोलाचे आहेत. पंचायती व निगमांना घटनात्मक स्थान मिळण्याच्या सदतीस वर्षे आधी संविधानाने त्यांच्यावर भाषेची जबाबदारी टाकून ठेवली होती. त्याही आधी, ऑगस्ट १९४९ मध्ये, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक सोपे गणित मान्य केले होते: शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले त्या भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा.

हे चाळीस आणि दहाचे गणित विकेंद्रीकरणाच्या नकाशावर ठेवले म्हणजे अडचण दिसते. संपूर्ण छत्तीसगडच्या हिशेबात मराठी बोलणारा समाज लहान आहे. प्रभागाच्या हिशेबात तो चार-दोन घरांचा आहे. शाळा चालेल इतकी मुले दुर्ग-भिलाई या सलग नगरीच्या पातळीवरच जमू शकतात. आणि ही नगरी आज दुर्ग, भिलाई, रिसाली व भिलाई-चरोदा अशा चार निगमांत विभागलेली आहे. बहुसंख्य समाजाला लहान घटक सोयीचा पडतो. विखुरलेल्या लहान समाजाला तोच घटक विरघळवून टाकतो. प्रत्येक निगमातला अधिकारी म्हणेल, येथे तुमची मुले किती? नऊ. दुसरीकडे अकरा, तिसरीकडे सात. बेरीज करण्याचे काम कोणत्याच कचेरीकडे सोपवलेले नाही.

ती बेरीज पालकांनाच करावी लागेल. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेत असे म्हटले आहे; अनुदानित शाळेत ती सल्ल्यापुरती असते. सत्तेच्या या लांबलचक उतरंडीतले हे सर्वांत खालचे मडके. बैठकीची सूचना आली की पालक सही करून पाठवतात आणि कामावर जातात, असे पुष्कळ ठिकाणी चालते. प्रवेशाच्या हंगामापूर्वी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतच, चारही निगमांतील मराठी घरांची एक यादी माजी विद्यार्थ्यांनी तयार केली, तर तिच्यावर वेगवेगळ्या प्रभागांचे पत्ते असतील आणि मुलांची एकूण संख्या एकाच ठिकाणी लिहिलेली असेल. अशा यादीच्या चार प्रती काढाव्यात, चारही आयुक्तांना द्याव्यात, पाचवी जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी, आणि प्रत्येक प्रतीवर पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांचे पद १९५७ पासून अस्तित्वात आहे. सहावी प्रत त्यांच्या नावे टपालाने दिल्लीला जावी.